डावा ब्रेक जड लागतो

येऊरच्या डोंगरावरून खाली उतरताना तिसऱ्या वळणावर माझ्या डाव्या हातातली लिव्हर हँडलला जाऊन टेकली. मी दाबली, ती आत आली, आणखी आत आली, आणि मागचं चाक आपलं फिरतच राहिलं. उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा. उतारावर तो एकट्याने जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो, हे मला पहिल्याच महिन्यात कोपर सोलून कळलं होतं. म्हणून उजवा जपून धरला आणि डावी लिव्हर पटपट तीन-चार वेळा दाबली. चौथ्यांदा ती एकदम घट्ट झाली आणि चाक आवळलं. मी कडेला थांबले. मागून येणारी मुलुंडची आमची रविवारची मंडळी विचारत पुढे गेली, मी हात हलवून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. मग तिथेच उभी राहून दोन्ही लिव्हर आळीपाळीने दाबून पाहिल्या. आता दोन्ही बऱ्यापैकी सारख्या लागत होत्या.

त्या वेळी मी शेहेचाळीस वर्षांची होते. सायकल माउंटन बाइक होती, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने बंगळूरला जाताना मला दिलेली. जाड टायर, पुढे शॉक ॲब्सॉर्बर, आणि दोन्ही चाकांना तेलावर चालणारे डिस्क ब्रेक. साध्या सायकलीच्या ब्रेकमध्ये तार असते. ह्याच्यात लिव्हर दाबली की नळीतलं तेल ढकललं जातं, ते चाकापाशी असलेल्या कॅलिपरमधले दोन छोटे पिस्टन बाहेर काढतं, आणि पिस्टन दोन पॅड डिस्कवर आवळतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन बोटांनी दाबलं की सायकल थांबते, एवढीच माझी समज होती, आणि वर्षभर तेवढी पुरली.

येऊरच्या त्या रविवारनंतर मी सायकल मुलुंडला दुरुस्तीला नेली. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायला मोकळा. त्याने दोन्ही लिव्हर दाबल्या, चाक फिरवून थांबवलं, पुन्हा दाबल्या. "मॅडम, एकदम झकास आहे," तो म्हणाला. तरी मी अडून बसले म्हणून त्याने पॅड काढून घासले, डिस्क पुसली. पुढच्या रविवारी येऊरच्याच उतारावर डावी लिव्हर पुन्हा आत गेली. मी पुन्हा दुकानात, आणि तिथे पुन्हा सगळं झकास. तिसऱ्या खेपेला त्याने हसत विचारलं की मॅडम, तुम्ही घाबरता का उतारावर? मला राग आला. पण घरी येताना वाटलं, असेलही. बाई शेहेचाळीसची, सायकल दुसऱ्याची, उतार येऊरचा.

घरात मी आणि बाबा दोघंच. मी लग्न केलं नाही आणि त्यावर आता कोणी बोलत नाही. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. नाहूरला स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमची वन बीएचके, तिसऱ्या मजल्यावर. सायकल ठेवायला जागा नाही, खाली ठेवली तर सीट चोरीला जाते, म्हणून दारामागच्या पॅसेजमध्ये भिंतीत मोठा हुक ठोकून घेतला होता. पुढचं चाक हुकात अडकवायचं, सायकल भिंतीला चिकटून उभी लटकते. ती टांगलेली असताना बाबा कडेकडेने बाथरूमला जायचे. कुरकुर नाही, पण कौतुकही नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खाली कट्ट्यावर दोन तास. मी रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघाले की डोळे न उघडता, "बेतानं जा" एवढंच म्हणायचे.

दुकानदाराचं ते घाबरण्याचं बोलणं मी त्यांना रात्री जेवताना सांगितलं, असंच, चिडून. मला वाटलं ते हसतील. ते आमटी ओरपायचे थांबले आणि म्हणाले, "नळीत तेल असतं ना तुझ्या?"

मी हो म्हटलं.

"मग ह्याच्यात घाबरायचं काय आलं? बिघाड कधी होतो ते सगळेच सांगतात. कधी होत नाही ते सांग."

त्यांनी जेवण संपवलं, हात धुतले, आणि पॅसेजमधला दिवा लावून टांगलेल्या सायकलीसमोर उभे राहिले. घरात सायकल आल्यापासून ते तिच्याकडे नीट बघत होते ते पहिल्यांदा.

बाबा भांडुपच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्स फिटर होते. पत्र्याचे भाग दाबून काढणारे मोठे हायड्रॉलिक प्रेस त्यांच्याकडे असायचे. मग कारखाना बंद पडला, त्या जागेवर टॉवर उभे राहिले, आणि बाबांनी पुढची दहा वर्षं एका सोसायटीचे पंप आणि लिफ्ट सांभाळले. कारखान्याबद्दल ते घरी बोलत नसत. त्यांच्या शर्टाला तेलाचा वास यायचा आणि आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, माझ्यापाशी त्या नोकरीची एवढीच आठवण आहे. मुलीला प्रेस कसा चालतो हे सांगावं असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

त्या रात्री मात्र त्यांनी मला बसवून सगळं विचारून घेतलं. ब्रेक पहिल्यांदा कधी लागला नाही, त्याआधी मी कितीदा दाबला होता, दुकानात जाताना वाटेत काय काय झालं. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. रविवारी पहाटे रस्ता मोकळा असतो, येऊरपर्यंत मी डावा ब्रेक फारसा दाबतच नाही. चढावर तर ब्रेकचा प्रश्नच नाही. डाव्या हाताचं खरं काम सुरू होतं ते उतारावर. दुकानात जाते ती संध्याकाळी, गर्दीतून, रिक्षांच्या मागे. तिथे पोचेपर्यंत लिव्हर पन्नास वेळा दाबलेली असते.

बाबांनी मान हलवली. म्हणाले, चार दिवस हिला टांगू नकोस, जमिनीवर उभी ठेव. आणि रोज सकाळी उठल्या उठल्या, एकदाच, डावी लिव्हर दाबून बघ.

सायकल हॉलमध्ये कपाटाला टेकून राहिली. कपाट उघडायचं तर आधी तिला सरकवावं लागे. चार सकाळी लिव्हर पहिल्याच दाबाला घट्ट लागली. पाचव्या दिवशी बाबांनी ती पुन्हा हुकाला लावायला सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली घेऊन मी लिव्हर दाबली तर ती सरळ हँडलला टेकली. बाबा पेपर बाजूला ठेवून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन.

"तेलात वारो भरलो हा," ते म्हणाले. वारो म्हणजे वारा, हवा. ते एरवी माझ्याशी मुंबईचंच मराठी बोलतात. मालवणी निघते ती गावाहून फोन आला की, किंवा मन एखाद्या गोष्टीत पुरतं गुंतलं की.

मग त्यांनी मला समजावलं. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत नुसतं तेल असेल तर बोटांचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत जातो. हवेचा बुडबुडा असेल तर बोटं आधी त्यालाच दाबत बसतात. लिव्हरच्या पोटात तेलाची एक चिमुकली टाकी असते. सायकल सरळ उभी असताना तिथली हवा वर राहते, कोणाला त्रास देत नाही. सायकल भिंतीवर टांगली की टाकी आडवी होते आणि हवा नळीच्या तोंडाशी येते. दहा-वीस वेळा दाबलं की परत वर जाते. त्यांच्या कारखान्यात एक प्रेस होता, तो फक्त सोमवारी सकाळी लंगडायचा. बाकीचे दिवस ठणठणीत. तीन महिने साहेब लोक सोमवारच्या पाळीच्या माणसांना बोलत होते. बाबांनी एका रविवारी सुट्टीच्या दिवशी जाऊन बघितलं, तर मशीन बंद असताना एका जोडातून तेल मागे सरकत होतं आणि त्या जागी हवा शिरत होती.

"मग साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणणार? सोमवारी प्रेस चालला."

मी सामान मागवलं. लिव्हरवर बसवायचं छोटं नरसाळं, एक सिरिंज, पारदर्शक नळीचा तुकडा, तेलाची बाटली. तेल कुठलं ते बाबांनी आधी तीनदा तपासायला लावलं. काही ब्रेकना एक प्रकारचं तेल चालतं, काहींना दुसरं, आणि चुकीचं घातलं तर आतली रबरं फुगून वाट लागते. लिव्हरवर काय छापलंय ते मी मोबाइलच्या उजेडात वाचलं, बाटलीवरचं वाचलं, तेव्हा कुठे त्यांनी झाकण उघडू दिलं. दोन थेंब बोटांत घेऊन चोळले, नाकाशी नेले, आणि बाटली माझ्याकडे दिली.

शनिवारी दुपारी हॉलमध्ये जुने पेपर पसरले. त्यांच्या बोटांना आता थोडी थरथर असते, त्यामुळे ते खुर्चीत बसून सांगणार आणि मी करणार, असं ठरलं. चाक काढलं. पॅड काढून दूर खिडकीत ठेवले, कारण पॅडला तेलाचा एक थेंब लागला तरी ते वाया जातात. कॅलिपरमध्ये बघितलं तर दोन पिस्टनपैकी एक दुसऱ्यापेक्षा मागे राहत होता. त्याच्या कडेने काळा मळ बसला होता. बाबांनी कान साफ करायच्या काड्या मागितल्या. तेलात बुडवून पिस्टनची कड पुसायची, लिव्हर हलकेच दाबून तो थोडा बाहेर आणायचा, परत पुसायची, प्लॅस्टिकच्या पट्टीने आत ढकलायचा. चार-पाचदा केल्यावर दोन्ही पिस्टन एकदम बाहेर यायला लागले. "एक झोपलेला असला की दुसऱ्यावर सगळा भार," बाबा म्हणाले.

मग लिव्हरवर नरसाळं बसवलं, त्यात तेल ओतलं. खाली कॅलिपरच्या तोंडाला सिरिंज जोडून खालून वर तेल ढकलायचं. मी घाईने ढकललं.

"रव गो," ते म्हणाले. "हवा आपणहून वर येते. तिला वाट दे."

मी हळू ढकललं. पारदर्शक नळीतून तेल चढलं, आणि वर नरसाळ्यात एक बुडबुडा आला, मग दोन, मग मोत्यांच्या सरीसारखे बारीक बारीक. बाबा न राहवून खुर्चीतून उठले, पान्याच्या मागच्या बाजूने ब्रेकच्या नळीवर खालपासून वरपर्यंत टकटक करत गेले, आणि प्रत्येक टकटकीला अडकलेला एखादा बुडबुडा सुटून वर यायचा. शेवटी त्यांनी लिव्हर थोडी वर-खाली फिरवायला सांगितली. बराच वेळ काही झालं नाही. मग शेंगदाण्याएवढा एक बुडबुडा भप्पकन वर येऊन फुटला. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत होतो. तासभर कोणी टीव्ही लावलेला नव्हता हे मला तेव्हा जाणवलं.

सगळं बंद करून, पुसून, पॅड आणि चाक परत लावलं. बाबांनी दोन्ही लिव्हर दोन्ही हातांनी दाबल्या. "झालं," म्हणाले.

मी दाबल्या. उजवी छान होती. डावी आता खोल जात नव्हती, मधेच घट्ट थांबत होती, पण जड लागत होती. मी तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा दाबल्या, भुवया उंचावल्या. म्हणाले, सारख्याच आहेत. मी म्हटलं, नाहीत हो बाबा, डावा जड लागतो.

त्यांनी माझ्यावर अविश्वास दाखवला नाही. हे मी आज मुद्दाम लिहिते, कारण दुकानदाराने दाखवला होता आणि मी स्वतःही दाखवत होते. रविवारी त्यांनी मला सगळं पहिल्यापासून परत करायला लावलं. एकही बुडबुडा आला नाही. डावा जडच. नळी कुठे मुडपली आहे का ते त्यांनी चष्मा लावून इंच इंच बघितलं. लिव्हरच्या खिळीला तेलाचा थेंब दिला. जडच.

सोमवारी मी वांद्र्याच्या ऑफिसातून दमून आले तर ते वाट बघत होते. टेबलावर सामान तोलायचा काटा होता, गावाला जाताना बॅगा अडकवून बघतो तो, खाली हुक आणि वर आकडे. त्यांनी लिव्हर आणि हँडल यांच्यामध्ये पेन्सिल धरली. लिव्हर पेन्सिलीला टेकेपर्यंत काट्याने ओढायची आणि आकडा वाचायचा. उजवी ओढली, मी आकडा वाचला. डावी ओढली. आकडा तोच. तीनदा केलं, तिन्ही वेळा तोच.

बाबांनी काटा खाली ठेवला. मला वाटलं आता तेही म्हणणार, तुला भास होतो. त्यांनी खुर्ची माझ्या समोर ओढली, स्वतःच्या दोन्ही हातांची दोन-दोन बोटं पुढे केली आणि म्हणाले, "दाब. दोन्ही हातांनी, जोरात."

मी दाबली.

"डाव्याने पण."

"दाबतेय ना."

त्यांनी माझा डावा हात उलटा केला, अंगठ्याच्या मुळाशी चेपून बघितलं, मग उजवा बघितला. प्रेसचा एखादा भाग बघावा तसं, सावकाश. मग हात सोडले नाहीत.

"ब्रेक बरोबर आसा गो," ते म्हणाले. "तुझो हात दाखवूक व्हयो."

डॉक्टरांना हात दाखवायचं मी हसण्यावारी नेलं. डाव्या हाताला अधूनमधून मुंग्या येत होत्या हे खरं होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सकाळी बधिर असायचं. लॅपटॉपवर दहा तास बसणाऱ्या कोणाचं असत नाही? ऑफिसात महिनाअखेर होती, मी म्हटलं पुढच्या आठवड्यात बघू. बाबा सहसा हट्ट करत नाहीत. मी कॉमर्सला गेले, नोकऱ्या बदलल्या, लग्न केलं नाही, सायकल आणली, प्रत्येक वेळी त्यांनी एकदा मत सांगितलं आणि विषय सोडला. त्या रात्री ते जेवायला बसले नाहीत.

मी ताट घेऊन त्यांच्याकडे गेले तेव्हा ते बोलले. "तुझ्या आईच्या हातून कप पडायचे. आठवतं?"

आठवत होतं. आईच्या हातून आधी कप पडायला लागले, मग कढईचा कान सुटायचा, मग ब्लाउजची बटणं लागेनात. आम्ही म्हणायचो, लक्ष नसतं तुझं. तीही म्हणायची, लक्ष नसतं माझं. दीड वर्षाने कळलं की मानेत मज्जारज्जू दाबला जात होता. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. पुढची तीन वर्षं ती पोळी लाटू शकली नाही. गेली ती हृदयाच्या दुखण्याने, हातांचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण शेवटपर्यंत तिला केस मी विंचरून द्यायचे.

"एकदा चहा सांडला माझ्या पेपरवर," बाबा म्हणाले. "मी बोललो तिला. बरंच बोललो. मशीनला कधी असं बोललो नसतो. मशीनचा हात सुटला तर का सुटला ते बघितलं असतं."

मी ताट खाली ठेवलं. त्यांच्या शेजारी बसले. त्या काळात मीही आईला बोलले होते, कदाचित त्यांच्यापेक्षा जास्त. ते मी त्यांना सांगितलं. त्यावर ते "हं" म्हणाले. थोड्या वेळाने दोघांनी गार झालेली भाजी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी मी महिनाअखेर असूनही सुट्टी टाकली.

घाटकोपरला नसांच्या एक डॉक्टर होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी हातोडीने कोपर, मनगट ठोकून पाहिलं, टाचणीने बोटं टोचली, आणि बाबांनी केलं होतं तसंच, दोन बोटं पुढे करून मला दाबायला सांगितली. मग मानेचा एमआरआय. त्या दोन दिवसांत बाबा घरात फार बोलले नाहीत. कट्ट्यावरही गेले नाहीत. सायकल कपाटाला टेकून होती, तिच्याकडे कोणी बघितलं नाही.

रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं गेलो. मानेतली एक चकती डावीकडे सरकून हाताकडे जाणाऱ्या नसेच्या मुळावर टेकली होती. मज्जारज्जूला धक्का नव्हता. बाबांनी तो प्रश्न दोनदा विचारला, आणि डॉक्टरांनी न कंटाळता दोनदा उत्तर दिलं, स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. ऑपरेशनची गरज दिसत नव्हती. औषधं, फिजिओथेरपी, खुर्ची आणि लॅपटॉपची उंची बदलायची, तीन महिने सायकल बंद. सायकलीमुळे झालं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ऑफिसमुळे म्हणा, पण सायकलीवर मान वर करून बसता त्याने बरं नक्कीच होत नव्हतं. मग त्यांनी विचारलं की एवढ्या लवकर लक्षात कसं आलं, लोक साधारण हातातून वस्तू पडायला लागल्यावर येतात. मी ब्रेकचं सांगितलं. काट्याचं आणि पेन्सिलीचंही सांगितलं. डॉक्टरांनी बाबांकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही काय करायचात? बाबा म्हणाले, फिटर होतो.

खाली कॅन्टीनमध्ये त्यांनी मेदूवडा मागवला. तो संपल्यावर आणखी एक मागवला. चटणी गोड आहे म्हणून तक्रार केली. दोन दिवसांनी त्यांचं तोंड सुटलेलं बघून मला इतकं बरं वाटलं की मी माझाही वडा त्यांना दिला.

त्यानंतरचे तीन महिने कंटाळवाणे होते. सकाळी मानेचे व्यायाम, संध्याकाळी मुलुंडला फिजिओथेरपी, ऑफिसात लॅपटॉपखाली चार जाडजूड फायली. रविवारी पहाटे सवयीने जाग यायची आणि करायला काही नसायचं. त्या वेळेत बाबांनी एक उद्योग काढला. काट्याच्या हुकाला त्यांनी जुन्या बेल्टचा तुकडा बांधला. काटा ते धरायचे, आणि मी बेल्टमध्ये दोन बोटं घालून ओढायचे, आधी उजव्याने, मग डाव्याने. आलेला आकडा ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने त्या रविवारच्या चौकोनात लिहायचे. फिजिओथेरपिस्टला हे सांगितल्यावर ती हसली, पण पुढच्या वेळी म्हणाली, आकडे घेऊन या.

पहिले तीन रविवार डावा हात उजव्याच्या निम्म्याच्या आसपास होता. चौथ्या रविवारी तो कमी आला. मी हिरमुसले. बाबा म्हणाले की एका आकड्यावर मशीन उघडायचं नसतं. सहाव्या रविवारी तो वर गेला आणि मग फार घसरला नाही. दर रविवारी सकाळी चहा पिता पिता ते कारखान्यातलं काही ना काही सांगायचे. कुठला प्रेस कसा आवाज करायचा, रात्रपाळीत मशीनच्या उबेला मांजर येऊन कशी झोपायची, बंद होण्याच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या प्रेसचं तेल बदललं होतं, कोणी सांगितलं नसताना. का बदललं, मी विचारलं. मशीन कोणाकडे जातील ते माहीत नव्हतं, ते म्हणाले, आणि घेणाऱ्याच्या हाती घाण तेल देणं बरं दिसत नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर, थोडं थोडं, अशी परवानगी दिली. डावा हात तोवर उजव्याच्या बराच जवळ आला होता, पण सारखा नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, राहिलेलं सावकाश येईल, किंवा थोडं उणं राहील. बाबांनी हँडलची उंची वाढवली, म्हणजे मान फार वर करावी लागणार नाही. डाव्या लिव्हरवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते आणि बोटांना कमी ताणावं लागतं. तो त्यांनी स्वतः फिरवला. थरथरणाऱ्या हाताने स्क्रूच्या खाचेत पाना बसायला वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला नाही, त्यांनीही मागितला नाही. अर्धा फेरा, मी दाबून बघायचं, आणखी पाव फेरा.

"आता?"

"अजून थोडी."

"आता?"

"हो. आता बरी."

समोरून बघितलं तर दोन लिव्हर दोन वेगळ्या अंतरावर दिसतात. मुलुंडच्या दुकानदाराने नंतर एकदा ते सारखं करून देऊ का, म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

येऊरला परत गेले ते आणखी चार महिन्यांनी, डॉक्टरांना विचारून, एकटीच, आणि चढ निम्मा पायी चढून. खाली येताना दर वळणाच्या आधीच वेग कमी केला. एका वळणावर समोरून दुधाची गाडी वर येत होती. मी दोन्ही लिव्हर दाबल्या, सायकल थांबली, गाडी गेली. तिथे पाय टेकून उभी असताना डाव्या बोटांत थोडी थकावट होती, मुंग्या नव्हत्या. तळाला चहाच्या टपरीवर थांबून मी घरी फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"हात?"

"ठीक आहे."

"आणि तेल? कॅलिपरपाशी बोट लावून बघ, ओलं लागतंय का."

मी वाकून, बोट लावून बघितलं. कोरडं होतं. तसं सांगितलं. ते म्हणाले, येताना पाव घेऊन ये, घरातला संपलाय.